विलायतेतील शाळा आणि शाळा सुटल्यानंतरचे घर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील जुन्या, नामांकित शाळांच्या कारभाराविषयी तक्रारी वाढल्या, तेव्हा १८६१ मध्ये लॉर्ड क्लॅरेंडन यांच्या अध्यक्षतेखाली तेथील सरकारने एक चौकशी आयोग नेमला. आयोगाने नऊ शाळा पाहिल्या. ईटन, विंचेस्टर, वेस्टमिन्स्टर, चार्टरहाउस, हॅरो, रग्बी आणि श्रूझबरी या सात शाळांत मुले मुख्यत: तेथेच राहून शिकत. सेंट पॉल्स आणि मर्चंट टेलर्स या लंडनच्या दोन शाळांत मुले सकाळी येत आणि संध्याकाळी घरी परतत. आयोगाचा अहवाल १८६४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावरून १८६८ मध्ये जो कायदा झाला, तो पहिल्या सात शाळांपुरताच होता. विलायती शाळा म्हणजे निवासी शाळा, हे जे चित्र पुढे जगभर पसरले आणि आपल्याकडे राजकोट, अजमेर, डेहराडून येथवर येऊन पोहोचले, त्या चित्रात वरील दोन दिवसशाळा सहसा दिसत नाहीत.

या शाळांना इंग्रजीत ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात, आणि हा शब्द मराठीत आणताना अनुवादकाची पंचाईत होते. ‘सार्वजनिक शाळा’ म्हणावे, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे नगरपालिकेची शाळा उभी राहते. प्रत्यक्षात या शाळा संपूर्णपणे खाजगी आहेत. नावातील ‘पब्लिक’चा मूळ अर्थ इतकाच की, अमुक गावचा, अमुक पंथाचा किंवा अमुक धंद्याच्या संघाचा असे बंधन न ठेवता शुल्क भरू शकणाऱ्या कोणाच्याही मुलाला त्या खुल्या होत्या. विंचेस्टर (१३८२) आणि ईटन (१४४०) यांची स्थापना गरीब विद्यार्थ्यांसाठी झाली होती, हे आज सांगितले तर कोणाला खरे वाटणार नाही. पुढील विवेचनात या सर्वांना ‘खाजगी शाळा’ असेच म्हटले आहे.

आपल्या मुलाला किंवा मुलीला तिकडे पाठवावे असे ज्या पालकांच्या मनात येते, ते बहुधा शाळांची यादी हाती घेऊन बसतात. कोणती शाळा जुनी, कोणत्या शाळेचा निकाल चांगला, कोठून किती विद्यार्थी ऑक्सफर्ड-केंब्रिजला गेले, याची टिपणे होतात. वस्तुत: पहिला प्रश्न वेगळाच आहे. शाळा सुटल्यावर मूल कोठे जाणार? वर्ग भरलेले असताना दोन चांगल्या शाळांत फारसा फरक नसतो. तो पडतो दुपारी चारनंतर, शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत. निवासी शाळा की दिवसशाळा, हा प्रश्न खरे पाहता याच वेळेविषयीचा आहे. आपल्या इतिहासातील दोन मुलांची उदाहरणे या बाबतीत फार बोलकी आहेत. विशेष म्हणजे दोघांच्याही शाळा आयोगाच्या त्या नऊंपैकीच होत्या.

पहिला मुलगा अरविंद घोष. वडील डॉक्टर कृष्णधन घोष बंगालमध्ये सिव्हिल सर्जन होते आणि इंग्रजी संस्कारांवर त्यांची कमालीची श्रद्धा होती. १८७९ मध्ये त्यांनी आपल्या तीन मुलांना इंग्लंडला नेले आणि मँचेस्टरमध्ये ड्र्यूएट नावाच्या एका धर्मोपदेशकाच्या घरी ठेवले. अरविंद तेव्हा अवघ्या सात वर्षांचे होते. मुलांचा हिंदी माणसांशी संबंध येऊ देऊ नये, अशी वडिलांची सक्त सूचना होती. दोघे थोरले भाऊ शाळेत जात. अरविंदांना ड्र्यूएट पतिपत्नी घरीच शिकवीत. १८८४ च्या सुमारास ड्र्यूएट दांपत्य ऑस्ट्रेलियाला निघून गेले आणि ही भावंडे ड्र्यूएट यांच्या वृद्ध मातोश्रींबरोबर लंडनला राहू लागली. अरविंदांना सेंट पॉल्समध्ये प्रवेश मिळाला. शाळा उत्तम होती. मुख्याध्यापक वॉकर यांनी त्या मुलाची बुद्धी ओळखली, त्याच्या ग्रीकची तयारी स्वत: करून घेतली आणि त्याला भराभर वरच्या वर्गांत चढविले. शाळेपुरते पाहिले, तर वडिलांनी केलेली निवड अचूक होती.

पण शाळा सुटल्यावर काय? मातोश्री कर्मठ धार्मिक वृत्तीच्या होत्या. थोरल्या भावंडांपैकी मनमोहनने मोझेसविषयी काहीतरी अनुदार उद्गार काढले, तेव्हा नास्तिकांबरोबर एका छपराखाली राहणार नाही, असे म्हणून त्यांनी मुलांचे घर सोडले. वडिलांकडून येणारे पैसे आधी अनियमित झाले आणि मग जवळजवळ थांबले. सर्वांत थोरल्या भावाला साउथ केन्सिंग्टनमधील लिबरल क्लबात आठवड्याला पाच शिलिंगांचे काम मिळाले आणि त्या क्लबाच्याच इमारतीत ही भावंडे राहिली. लंडनच्या हिवाळ्यात अंगावर ओव्हरकोट नव्हता. जवळजवळ एक वर्ष सकाळी चहाबरोबर लोणी लावलेले पावाचे एक-दोन तुकडे आणि संध्याकाळी एक स्वस्तातले सॉसेज, एवढ्यावर त्यांनी दिवस काढले. असा हा मुलगा १८९० मध्ये शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेला. पुढे १८९३ मध्ये तो सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत बडोद्यास आला, हा भाग मराठी वाचकास ठाऊक आहेच. त्याच्या शाळेतील बाकावर शेजारी बसणाऱ्या किती मुलांना या उपासमारीची कल्पना असेल? दिवसशाळेला मुलाचे संध्याकाळचे जेवण दिसत नाही.

दुसरा मुलगा जवाहरलाल नेहरू. १९०५ च्या मे महिन्यात मोतीलाल व स्वरूपराणी आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला आणि लहानग्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेले आणि जवाहरलाल हॅरोमध्ये दाखल झाले. प्रवेशाच्या नेहमीच्या वयापेक्षा ते थोडे मोठेच होते. पैशाची ददात नव्हती, अंथरुण-पांघरूण, जेवण, आजारपण यांची चिंता शाळेने आपल्याकडे घेतली होती आणि वडिलांची पत्रे नियमाने येत. तरीही त्या वातावरणात आपण पुरते सामावलो नाही, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात नमूद केले आहे. बहुतेक मुलांचे बोलणे खेळांपलीकडे जात नसे. १९०६ च्या सुमारास इंग्लंडात नवे उदारमतवादी मंत्रिमंडळ आले, तेव्हा शिक्षकांनी वर्गात त्याविषयी विचारले. मंत्र्यांची जवळजवळ पूर्ण यादी सांगू शकणारा हा एकच हिंदी मुलगा निघाला. शाळेचे जग आपल्याला अपुरे पडते असे वाटून १९०७ मध्ये ते केंब्रिजला गेले. अरविंदांच्या हालांशी या एकटेपणाची बरोबरी होणार नाही, हे उघड आहे. पण शाळेने सर्व व्यवस्था केली तरी एक प्रश्न मुलाजवळच उरतो, एवढे त्यावरून कळते.

या दोन्ही गोष्टींना शंभराहून अधिक वर्षे लोटली. मधल्या काळात इंग्लंडमध्ये पुष्कळ बदलले, आणि पहिला मोठा बदल असा की, निवासी की दिवसशाळा या प्रश्नाचे उत्तर आता पालकांच्या आधी तेथील कायदाच देऊन टाकतो. भारतीय नागरिक असलेल्या मुलाला केवळ शालेय शिक्षणासाठी ब्रिटनमध्ये जावयाचे असेल, तर त्याला बालविद्यार्थ्याचा प्रवेशपरवाना काढावा लागतो. हा परवाना चार ते सतरा वर्षे वयाच्या मुलांना, आणि तोही शुल्क घेणाऱ्या खाजगी शाळेसाठीच मिळतो. सरकारी शाळांची दारे या मार्गाने उघडत नाहीत. मुलाबरोबर आईने किंवा वडिलांनी जाऊन राहावे, असा विचार पुष्कळ घरांतून बोलून दाखविला जातो. तशी एक वेगळी तरतूद आहे, पण ती दिवसशाळेत जाणाऱ्या चार ते अकरा वर्षांच्या मुलांच्या पालकांपुरतीच आहे. मूल बारा वर्षांचे झाले की ती संपते. म्हणजे कुमारवयीन मुलासाठी आईने लंडनात बिऱ्हाड करावे आणि मुलाने दिवसशाळेत जावे, ही कल्पना या मार्गाने प्रत्यक्षात येऊ शकत नाही. आई-वडिलांपैकी कोणी नोकरीनिमित्ताने स्वतंत्र हक्काने तेथे राहात असेल, तर गोष्ट निराळी.

मग उरतो नातेवाइकांचा मार्ग, आणि येथे आपली नात्याची कल्पना व इंग्रज कायद्याची कल्पना यांत अंतर पडते. सोळा वर्षांखालील मूल जवळच्या नातेवाइकाखेरीज दुसऱ्या कोणाच्या घरी अठ्ठावीस दिवस किंवा त्याहून अधिक काळ राहणार असेल, तर तेथील स्थानिक प्रशासनाला तसे आगाऊ कळवावे लागते आणि त्यांचे अधिकारी घर पाहून जातात. जवळचे नातेवाईक कोण? आजी-आजोबा, भाऊ-बहीण, काका, मामा, आत्या, मावशी आणि सावत्र आई-वडील. आईची मावसबहीण आपल्या लेखी मावशीच असते. कायद्याच्या लेखी ती परकी. शिवाय ज्याच्या घरी मूल राहावयाचे, तो ब्रिटिश नागरिक किंवा तेथे कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळालेला असला पाहिजे. चार वर्षांच्या नोकरीसाठी गेलेला सख्खा मामाही त्यामुळे येथे उपयोगी पडत नाही. हे नियम जाचक वाटतील. मात्र अरविंदांच्या घरी १८८० च्या दशकात कोणी अधिकारी येऊन पाहून गेला असता, तर ती पावाची गोष्ट लिहिण्याची वेळ कदाचित आली नसती.

तात्पर्य, भारतातून एकट्याने जाणाऱ्या बहुतेक मुलांसाठी निवासी शाळा हाच व्यवहार्य पर्याय राहतो. पण ‘निवासी’ या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. काही शाळांत मुले संपूर्ण सत्रभर राहतात. काहींत शुक्रवारी सायंकाळी घरी जाऊन रविवारी रात्री परततात. आणि काहींत गरजेप्रमाणे आठवड्यातून एक-दोन रात्रीच राहतात. माहितीपत्रकात तिन्ही प्रकार शेजारी शेजारी छापलेले असतात. दुसऱ्या प्रकारच्या शाळेत भारतातून गेलेल्या मुलाचे काय होते, याची कल्पना करून पाहावी. शुक्रवारी पाच वाजता मोटारींची रांग लागते, वसतिगृह रिकामे होते, आणि पन्नास खाटांच्या त्या इमारतीत हाँगकाँगचा एक, नायजेरियाचे दोन आणि आपला एक असे चौघे जण उरतात. म्हणून शाळेला विचारावयाचा सर्वांत उपयुक्त प्रश्न निकालांविषयीचा नसून हा आहे: एखाद्या साध्या शनिवारी रात्री वसतिगृहात किती मुले असतात, आणि ती काय करतात? चांगल्या शाळा या प्रश्नाला आकडा सांगतात. आकडा न सांगता सहलींची छायाचित्रे दाखविली गेली, तर काय समजावयाचे ते समजावे.

सुट्ट्यांचा हिशेबही आधीच करावा. खाजगी शाळांचे वर्ष सप्टेंबरात सुरू होते आणि त्यात तीन सत्रे असतात. (ईटनमध्ये सत्राला ‘अर्ध’ म्हणतात आणि वर्षात अशी तीन अर्धे असतात, इंग्रजांच्या गणितापुढे कोणाचे चालत नाही.) प्रत्यक्ष शिकवण्याचे आठवडे वर्षातून साधारण चौतीस भरतात. म्हणजे अठरा आठवडे मूल शाळेत नसते. नाताळ, ईस्टर आणि उन्हाळा या मोठ्या सुट्ट्यांत ते भारतात येऊ शकेल. पण प्रत्येक सत्राच्या मध्यावर एक-दोन आठवड्यांची सुटी असते आणि अधूनमधून शनिवार-रविवारला जोडून घरी जाण्याची सक्तीची रजा असते. त्या वेळी पुष्कळ शाळांची वसतिगृहे चक्क कुलूपबंद होतात. यासाठी बहुतेक शाळा परदेशी मुलाच्या पालकांकडून ब्रिटनमध्ये राहणारा एक स्थानिक पालक नेमून घेतात. मूल आजारी पडले, विमान चुकले, शिस्तभंगामुळे चार दिवस शाळेबाहेर काढले गेले, तर मध्यरात्री दूरध्वनी वाजतो तो याच्या घरी. नातेवाईक नसल्यास मोबदला घेऊन हे काम करणाऱ्या संस्था आहेत. त्यांची पाहणी करून मान्यता देणारा ‘एजिस’ नावाचा एक संघ १९९४ पासून काम करीत आहे. शाळेच्या निवडीत जितका वेळ घालवावयाचा, त्याचा निदान चौथा हिस्सा या स्थानिक पालकाच्या निवडीसाठी राखून ठेवावा. मुलाला त्याची भेट करून द्यावी. जेवण कसले मिळेल, स्वत:ची खोली असेल की नाही, घरात आणखी किती मुले असतील, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

शाळेच्या आत मुलाचे खरे जग म्हणजे ‘हाउस’. आपल्या शाळांतही तांबडे, निळे, हिरवे असे गट असतात, परंतु ते क्रीडामहोत्सवापुरते. तेथील हाउस ही राहण्याची इमारत असते. तीत साठ-सत्तर मुले, एक गृहप्रमुख शिक्षक, बहुधा त्याचे कुटुंब आणि कपडेलत्ते-औषधपाणी पाहणारी मेट्रन राहते. गृहप्रमुखाकडे एवढी सत्ता एकवटण्याची पद्धत रग्बीचे मुख्याध्यापक टॉमस आर्नल्ड (१८२८ ते १८४२) यांच्या काळापासून विशेष रूढ झाली. त्यांनी वरच्या वर्गातील मुलांवर खालच्यांच्या शिस्तीची जबाबदारी टाकली. त्यातून काही चांगले निघाले आणि पुष्कळ वाईटही निघाले. धाकट्या मुलांनी थोरल्यांचे बूट पुसावे, पाव भाजून द्यावा, ही प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकून होती. छडीला इंग्लंडमधील खाजगी शाळांतून कायद्याने पूर्ण बंदी झाली ती १९९९ मध्ये. सरकारी शाळांनंतर तब्बल बारा वर्षांनी.

येथे एका कटू विषयाकडे वळणे भाग आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाची चौकशी करणाऱ्या इंग्लंड व वेल्समधील स्वतंत्र आयोगाने निवासी शाळांविषयीचा आपला अहवाल मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. मूल रात्रंदिवस शाळेच्याच ताब्यात असल्यामुळे अशा ठिकाणी धोका वाढतो आणि काही शाळांनी मुलांपेक्षा आपल्या कीर्तीची अधिक काळजी घेतली, असे त्यात स्पष्टपणे म्हटले आहे. परदेशी मुलाच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते. त्याचे आई-वडील सात हजार किलोमीटरांवर असतात, आणि तक्रार केल्यास आपल्याला परत पाठवतील, घरच्यांचे पैसे वाया जातील, ही भीती त्याच्या मनात असते. जोय शाव्हेरिएन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी लहानपणी निवासी शाळेत गेलेल्या प्रौढांवर उपचार करताना जे पाहिले, त्यावर २०१५ मध्ये एक ग्रंथ लिहिला. वरून कर्तबगार आणि आतून मिटलेली अशी ती माणसे. त्यांचे रुग्ण बहुतांशी सात-आठ वर्षांचे असताना घर सोडून गेलेले होते. त्यामुळे सोळाव्या वर्षी स्वखुशीने जाणाऱ्या मुलीला ते वर्णन जसेच्या तसे लावणे बरोबर होणार नाही. मात्र किती लवकर पाठवावे, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळते. जितके उशिरा, तितके बरे.

तपासणीची साधने आज उपलब्ध आहेत, आणि ती फुकट आहेत. नामांकित संघटनांच्या सदस्य असलेल्या खाजगी शाळांची तपासणी एक स्वतंत्र निरीक्षण संस्था करते, बाकीच्यांची सरकारी निरीक्षण खाते करते. निवासी शाळांसाठी किमान मानके ठरवून दिलेली आहेत. त्यांची सुधारित आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. निरीक्षणाचे अहवाल कोणालाही वाचता येतात. २०२३ च्या सप्टेंबरपासून स्वतंत्र संस्थेच्या अहवालांत ‘उत्कृष्ट’, ‘चांगली’ असा एका शब्दातला शेरा नसतो. मानके पाळली गेली की नाही, ते लिहिलेले असते. म्हणून अहवाल पूर्ण वाचावा, आणि त्यातही मुलांच्या सुरक्षिततेविषयीचा भाग आधी वाचावा. मागील दोन-तीन अहवाल शेजारी ठेवले, तर आधी दाखविलेली उणीव पुढे भरून निघाली की नाही, हेही कळते.

कोणत्या वयात पाठवावे, याचे उत्तर परीक्षांच्या रचनेतही दडलेले आहे. तेथे शाळेत शिरण्याची नैसर्गिक दारे तीन: अकरावे, तेरावे आणि सोळावे वर्ष. तेराव्या वर्षीच्या दारासाठी काही नामांकित शाळांत दहाव्या-अकराव्या वर्षीच नाव नोंदवावे लागते. चौदा ते सोळा या दोन वर्षांत नऊ-दहा विषयांचा जीसीएसई हा सलग अभ्यासक्रम असतो. त्याच्या मध्येच, म्हणजे पंधराव्या वर्षी, मूल नेऊन टाकणे ही सर्वांत वाईट वेळ. आपल्याकडील दहावी पूर्ण करून सोळाव्या वर्षी गेल्यास दोन वर्षांचा ए-लेव्हल किंवा आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट हा अभ्यासक्रम घेता येतो. या वयात मूल स्वत:चे बरेवाईट बोलून दाखवू शकते, हा वेगळा लाभ.

ए-लेव्हलला बहुधा तीनच विषय असतात, आणि पुष्कळ भारतीय पालकांची येथे फसगत होते. मुलगा परतून भारतात वैद्यकीय शिक्षण घेईल अशी शक्यता थोडीही असेल, तर त्याला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय आणि इंग्रजी लागेल, शिवाय आपल्याकडील ‘नीट’ परीक्षा द्यावी लागेल. अभियांत्रिकीसाठी गणित हवे. सोळाव्या वर्षी हौसेने अर्थशास्त्र, इतिहास आणि गणित घेतलेल्या मुलाला परतीची ही दोन्ही दारे बंद झालेली आढळतात. परदेशी परीक्षांना समकक्षतेचे प्रमाणपत्र भारतीय विश्वविद्यालय संघाकडून मिळते. त्याच्या अटी विषयांची निवड करण्यापूर्वी वाचून ठेवाव्यात. याच्या उलट आणखी एक गैरसमज आहे. दोन-चार वर्षे तेथील शाळेत काढली की विद्यापीठात ब्रिटिश विद्यार्थ्याइतकेच शुल्क पडेल, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. शिक्षणासाठीच केलेले वास्तव्य त्या कामी मोजले जात नाही आणि मुलाला परदेशी विद्यार्थ्याचे, कितीतरी अधिक शुल्क भरावे लागते.

पैशाचा विषय थोडक्यात आटोपता येईल, कारण आकडेच पुरेसे बोलतात. १ जानेवारी २०२५ पासून ब्रिटनमधील खाजगी शाळांच्या शुल्कावर २० टक्के मूल्यवर्धित कर बसला. त्यानंतर निवासी शाळांचे वार्षिक शुल्क सर्वसाधारणपणे चाळीस हजार पौंडांच्या वर गेले असून ईटनसारख्या शाळेत ते साठ हजारांच्याही पुढे आहे. त्यात प्रवास, स्थानिक पालकाचा मोबदला, गणवेश आणि २०२४ पासून वर्षाला ७७६ पौंड असलेला आरोग्य अधिभार मिळवावा. २०१० च्या सुमारास एका पौंडाला सत्तर रुपये पडत. २०२५ मध्ये ते शंभरच्या बरेच पुढे गेले होते. पाच वर्षांचा हिशेब आजच्या दराने मांडणारा पालक स्वत:ला फसवीत असतो. बहुतेक शाळा परदेशी मुलाकडून एका सत्राचे शुल्क अनामत म्हणून घेतात, आणि मूल काढून घ्यावयाचे असल्यास एक सत्र आधी लेखी कळवावे लागते; न कळविल्यास त्या सत्राचे शुल्क बुडते. हे कलम करारात बारीक अक्षरांत असते. मुलाला तेथे राहवेनासे झाले, तर ‘पैसे भरले आहेत, एवढे सत्र काढ’ असे म्हणण्याची पाळी याच कलमामुळे येते. तेव्हा एका सत्राची रक्कम गेलीच असे धरून ती प्रारंभीच बाजूला टाकावी. घोष भावंडांचे हाल वडील निर्दय होते म्हणून झाले नाहीत, त्यांचा हिशेब चुकला म्हणून झाले. शाळेची आर्थिक स्थितीही पाहता येते. बऱ्याच शाळा धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेल्या असल्यामुळे त्यांचे जमाखर्च धर्मादाय आयोगाकडे खुले असतात. नवा कर आल्यानंतर काही लहान शाळा बंद पडल्या आहेत, हे लक्षात घेता ही खबरदारी अनाठायी म्हणता येणार नाही.

आपल्या शहरांतून शाळा सुचविणारे सल्लागार असतात. त्यांतील पुष्कळांना शाळांकडून प्रवेशामागे दलाली मिळते. ती घेणे गैर नाही, पण दलाली न देणारी शाळा त्यांच्या यादीत का नाही, हे विचारावे. उन्हाळ्यात मुलाला दोन आठवडे त्याच शाळेच्या आवारात ‘अनुभवा’साठी पाठविण्याची सूचनाही केली जाते. हे वर्ग बहुधा बाहेरच्या कंपन्या इमारती भाड्याने घेऊन चालवितात. शाळेचे शिक्षक आणि शाळेची मुले तेव्हा सुटीवर असतात. ऊन, हिरवळ आणि आइसक्रीम पाहून आलेल्या मुलाला नोव्हेंबरातील चार वाजताचा अंधार कळत नाही.

म्हणून शाळा पाहावयास जावयाचे, तर सत्र चालू असताना जावे, आणि जमल्यास हिवाळ्यात जावे. शाळेने आखून दिलेल्या खुल्या दिवशी मुख्याध्यापक भेटतात. इतर दिवशी गृहप्रमुख भेटतो, आणि आपले मूल त्याच्याच हाती जाणार असते. तो किती वर्षे त्या हाउसमध्ये आहे आणि आणखी किती राहणार आहे, हे विचारावे. काही शाळा प्रवेशापूर्वी मुलाला एक-दोन रात्री हाउसमध्ये राहू देतात. ही सवलत मागून घ्यावी आणि त्या वेळी आई-वडिलांनी गावात न थांबता दूर जावे. परत आल्यावर मुलाला शाळा आवडली का, असे विचारू नये; ते ‘हो’ म्हणेल, कारण आपण किती लांबून आलो आहोत हे त्याला ठाऊक असते. रात्री जेवताना तुझ्या शेजारी कोण बसले होते आणि ते काय बोलत होते, एवढेच विचारावे, आणि मूल सांगेल ते मध्ये न बोलता ऐकून घ्यावे.